व्यासपीठावर न्यायचा भोपळा

तीर्थरूप दाजींस,

साष्टांग नमस्कार. आपला गुडघा कसा आहे, ताईचं डोकं अजून दुखतं का (दुखत असेल तर माझं छापलेलं भाषण तिला एवढ्यात देऊ नये), आणि भाजीबाजारातला आपला गाळा कसा चालला आहे, ते कळवावं. विकतची भाजी म्हणजे गुलामीची जुडी, असं मी भर सभेत म्हणालो ते घाऊक व्यापाराला उद्देशून होतं, आपल्याला नव्हे. आपण घाऊक व्यापारी आहात हा निव्वळ योगायोग.

त्याच सभेत बोलण्याच्या भरात मी जाहीर केलं की पुढच्या सभेला माझ्या गच्चीवरचा भोपळा व्यासपीठावर आणीन, सर्वांसमक्ष चिरीन आणि फोड फोड वाटीन. नाही जमलं तर पुन्हा माइकला हात लावणार नाही. शेवटच्या वाक्याला पहिली टाळी आमच्या हिची पडली.

वेल जोमानं चढला. पिवळीधमक फुलं आली. त्यांत काहींच्या देठाशी इवलासा गोळा होता, म्हणजे होऊ घातलेला भोपळा. बाकीची नुसतीच लांब देठावर डुलणारी, ऐतखाऊ. माझी मतं आपण जाणता. जो राबत नाही त्याचा घासावर हक्क नाही, हे मी जन्मभर सांगत आलो; मग स्वतःच्या गच्चीत वेगळा कायदा कसा चालेल? रोज सकाळी कात्री घेऊन मी ऐतखाऊ छाटू लागलो, वर वेलापुढे दोन शब्द बोलू लागलो (हे श्रोते मधेच उठून जात नाहीत). ही कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "फळ देत नाही त्याला घरात जागा नाही, असं ना? बरं. नियम फुलांपुरताच आहे का, तेवढं सांगा."

आणि गोळे पिवळे पडून गळू लागले. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. माझा तर धरतच नव्हता. शेवटी घरच्या भाजीलागवडीवरचा तो जाडजूड ग्रंथ काढला, ज्याची प्रस्तावना मला तोंडपाठ आहे आणि जिच्या जोरावर मी कित्येक सभा गाजवल्या. फुलांचं प्रकरण प्रथमच वाचलं. ऐतखाऊ ती नर फुलं. त्यांचे परागकण गोळ्याच्या फुलात पडले तरच फळ. दाजी, सगळे नवरदेव कापून काढून मी वरातीची वाट बघत बसलो होतो.

टाकीमागे एक फूल कात्रीतून निसटलं होतं. सकाळी त्याच्यापुढे मांडी घालून बसलो. एक मधमाशी आली, आत शिरली, पिवळ्या भुकटीत लोळून बाहेर पडली आणि सरळ शेजारच्या गोळ्याच्या फुलात गेली. झालं. ना प्रास्ताविक, ना आभारप्रदर्शन. हयातभर बोलून मी एवढं काही घडवल्याचं मला आठवेना. मी गप्प बसलेला पाहून हिनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

आता तो भोपळा माझ्या डोक्याहून मोठा झाला आहे. माती, पाणी आणि आपण कचऱ्यात टाकतो ती सालं; त्यांतून हे गोल, थंडगार, रेघारेघांचं वजन कुठून येतं? ग्रंथात उत्तर आहे. ते वाचूनही मी हात लावताना चप्पल काढतो.

सभा रविवारी आहे. ताईला आशीर्वाद मागितले म्हणून सांगावं.

आपला मेहुणा

ता. क. सुरी घेऊन गच्चीवर गेलो आणि तसाच परत आलो. ही म्हणाली, "द्या इकडे, तुमच्यानं व्हायचं नाही," आणि गेली. तीही तशीच परत आली. तेव्हा ठरलं. भोपळा वेलावर राहील, मी माइक सोडतो. रविवारी आपण येऊन माझ्या जागी चार शब्द बोलावेत, ही विनंती. विषय आपल्या आवडीचा घ्यावा, घाऊक व्यापारसुद्धा चालेल.

ता. क. दुसरा, माझ्या हातचा. भाऊजी, पत्र पेटीत टाकायला मला दिलंय, म्हणून लिहिते. तुम्ही येऊ नका, गाळ्यावरचा एक मोठा भोपळा रविवारी व्यासपीठावर चिरायला पाठवा. यांनी माइक सोडलाय, बोलणं नाही. कालपासून सभा स्वयंपाकघरात भरते आहे.