पुसलेल्या सुरकुत्या

प्रिय मावशी,

ही नोकरीही सोडली, ओरडू नकोस. आता बेकरीत आहे. इथली भट्टी म्हणजे... जाऊ दे, विषय तो नाही.

डेटिंग ॲपवर तुझा फोटो मी टाकला, तेव्हा फोटो स्टुडिओत कामाला होतो. हात शिवशिवले. तुला न विचारता सुरकुत्या पुसल्या, केस काळे केले. वय मात्र खरं लिहिलं, सत्तेचाळीस.

ॲपवर जुळलेल्या गृहस्थांना भेटायला कॅफेत गेलीस आणि परत येऊन म्हणालीस, "माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. आपली एक्सपायरी उलटली रे बाबा!" मग ॲप काढून टाकलंस.

तुझ्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे होताच. गेल्या आठवड्यात मी त्या गृहस्थांना तुझा खरा फोटो पाठवला. उत्तर आलं, "या तर समोरच बसल्या होत्या! वेटरशी हसत होत्या. मी फोटोतल्या बाईंची वाट बघत होतो, आणि वाटत होतं, भेट यांच्याशी ठरली असती तर!"

रविवारी ते त्याच कॅफेत थांबणार आहेत. पण तुला हे सांगायचं तर आधी फोटोचं सांगावं लागेल. फोनवर जीभ रेटत नाही. हे तिसरं पत्र, आधीची दोन खिशातच चुरगळली.

आणि आज शनिवार आहे.

अजून तरी तुझा लाडका,
भटक्या