कोकराचं कातडं

माय, आज तुला एक विचारायचं आहे, आणि उत्तर द्यायला तू नाहीस हे मला थोडं सोयीचंच वाटतं.

आर्णीकडच्या एका शेतात आपली मेंढरं बसली होती. कापूस वेचून झालेला, शेतमालकाला खत हवं होतं. मी आठेक वर्षांची असेन. सकाळी एका मेंढीचं कोकरू मेलं, आणि कळपात एक आईवेगळं कोकरू भुकेनं ओरडत होतं. मेंढी त्याला हुंगायची आणि ढुशी मारून लोटून द्यायची. तू मेलेल्या कोकराचं कातडं सोललंस आणि त्या पोरक्याच्या पाठीवर बांधलंस. मेंढीनं पुन्हा हुंगलं आणि त्याला पिऊ दिलं.

"तिले समजत नाही काय, माय?"

"समजते. पन दूध दाटलं का समजूनबी पाजते. तुले कायले पाह्यजे एवढी चौकशी? जाय, पानी आन."

शेजारी बसलेली मावशी उठून गेली.

तेव्हापासून मी तुम्हा दोघी बहिणींवर नजर ठेवून आहे. माझ्याआधीची तुझी तिन्ही बाळं पालावरच गेली, हे तू सांगायचीस. मावशीची पाच, सगळी जगली. एकदा ती "माह्या सहा" म्हणाली, तर तू लगेच, "मोजता तरी येते काय तुले!" माझा जन्म तू ढाणकीच्या वाटेवरचा सांगायचीस, ती आर्णीच्या. ती आली की तू मला तिच्याजवळ झोपू द्यायची नाहीस. माझ्यावर मात्र तू कधी हात राखून माया केली नाहीस. केली असतीस तर शंका सोपी झाली असती.

गेल्या आठवड्यात मावशीला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं. तिची पोरं कळप घेऊन लांब गेलेली, म्हणून फोन मला आला. आता विचारलं नाही तर कधीच कळायचं नाही, म्हणून मी वाक्य ठरवूनच गेले. ती खूप वाळली आहे. मी खाटेजवळ बसते न बसते तोच नर्स कागद घेऊन आली.

"पेशंटच्या कोण तुम्ही?"

"पोरगी."

मावशीचे डोळे मिटलेलेच होते. पापणी हलली, की मला तसं हवं होतं, सांगता येत नाही. नर्सनं लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे वळली. हाक मारून ते खोडायला सांगता आलं असतं, माय. मी सांगितलं नाही. आणि मावशीलाही काही विचारलं नाही.