नारिंगी टोपी

अर्विंग, शुक्रवार, १७ नोव्हेंबर २००६

लग्न झालं त्या आठवड्यात सुहास म्हणाला होता, "वाचायचं काम तुझं, मी नुसती सही करणार." तेव्हापासून व्हिसाचा प्रत्येक फॉर्म मीच वाचत आले. आज शिकारीच्या नियमांची पुस्तिका. उद्या तो ऑफिसातल्या मित्राबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार. या वेळी सरकारी जंगल नवं आहे, आणि मित्राची रायफल तिथे चालते की नाही हेच कळत नाही. एका पानावर चालते, पुढच्या पानावर प्रत्येक जागेचा नियम वेगळा. वनखात्याला फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, नकाशा बघा. नकाशात दोन जंगलं एकमेकांना लागून, एकाची हद्द कुठे संपते तेच दिसत नाही. ग्रीन कार्ड अजून हातात नाही. बंदुकीची एक चूक, आणि सहा वर्षांची वाट पाहणं फुकट.

"अगं, इतकं कोण बघतंय?" सुहास आरशासमोर नारिंगी टोपी घालून बघत होता. शोभते त्याला.

की काळजी नियमाची नाहीच? हा सलग चौथा शनिवार. लेक कॉलेजला गेल्यापासून शनिवारी घरात आवाज असतो तो फक्त कपड्यांच्या ड्रायरचा.

पुस्तिकेत एकच गोष्ट मला स्पष्ट कळली. शिकार न करता नुसतं सोबत जाणाऱ्यानेही, कुणाची गोळी चुकून लागू नये म्हणून, नारिंगी टोपी घालायची. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. तो हसेल, म्हणेल, तुझ्या बडबडीने हरणं पळतील. तरी जेवताना विचारणार आहे. माझ्यासाठीही एक टोपी घेशील? मी नुसती शेजारी बसेन.