शेवाळाचा अर्क आणि बाबांचा कान

३ फेब्रुवारी
मेल्या! सगळ्या मेल्या! सहाव्यांदा! समुद्री शेवाळाच्या अर्कातल्या त्वचेच्या पेशी आणि बिनअर्काच्या – अतिनील दिव्याखाली दोन्ही सारख्याच गेल्या. गाईड मॅडम म्हणाल्या, "पहिल्यांदा ऐंशी टक्के वाचल्या होत्या ना? मग तुझाच हात चुकतोय." हात चुकतोय, डोंबल! रविवारसुद्धा प्रयोगशाळेतच घालवतेय मी.

४ फेब्रुवारी
आईचा फोन. बाबांच्या कानावरची खपली अजून तशीच. अख्खा जन्म होडीवर उन्हात काढलाय. डॉक्टर कधीचे म्हणताहेत, तुकडा काढून तपासू. बाबा ऐकतील तर शपथ! म्हणतात, "माझ्या लेकीचं औषध आहे की." सप्टेंबरात पहिला निकाल आला तेव्हा मीच हौसेनं अर्काची बाटली दिली होती – लावून तर बघा म्हणून. आई वैतागलीय. "त्या वासानं घास उतरत नाही घशाखाली." वास आहेच तसा, कुजक्या मासळीचा.

७ फेब्रुवारी
सातव्यांदा. तेच.

११ फेब्रुवारी
आज घाईत एका डिशचं झाकण काढायचं राहिलं. बिनअर्काची डिश, तरी पेशी ठणठणीत! प्लास्टिक ते किरण अडवतं, म्हणून तर झाकण काढूनच दिव्याखाली ठेवायचं – शेंबडं पोरही सांगेल.

त्या पहिल्या वेळी वास सहन होईना, म्हणून अर्काच्या डिशांवर मी झाकणं ठेवली होती. दिवा लावताना काढली का? आठवत नाही.

इथे तरी खोटं कशाला लिहू? आठवतंय. नाही काढली. पेशी झाकणानं वाचल्या, अर्कानं नाही.

१२ फेब्रुवारी
मॅडमना सांगितलं. पोटभर बोलणी खाल्ली. त्याचं काही नाही. बाबांचा नंबर मात्र तीनदा लावून तीनदा कापला. शेवटी बोलले – "बाबा, ती बाटली फेकून द्या. माझं चुकलंय. उद्याच्या उद्या तपासून घ्या." बाबा म्हणाले, "अगं वेडे, रडतेस काय? जातो की."

२६ फेब्रुवारी
कर्करोगच. पसरलेला नाही, पण कान अर्धा जाणार. डॉक्टर चिडले, "पाच महिने काय करत होतात?" मी बाबांच्या शेजारीच उभी होते. बाबा म्हणाले, "आळस केला, दुसरं काय!"