मामंजींची फियाट

१२ ऑगस्ट १९७३, रविवार

मागची सीट निघाली! नृसिंहाने बोल्ट सोडवले, मी ओढली. खाली शेंगांची टरफलं, एक केसांचा आकडा आणि मामंजींचं हरवलेलं चष्म्याचं घर. मामंजी पायरीवर बसून बघत होते. अठरा वर्षं रोज सकाळी पिवळ्या फडक्याने पुसलेली फियाट, आणि पोटचा मुलगा तिचं आतडं बाहेर काढतोय! "परत जशीच्या तशी बसवाल ना रे?" तीनदा विचारलं. नृसिंह तीनदा "हो बाबा" म्हणाला. मला नाही वाटत.

सीट सासूबाईंनी लगेच ओट्यावर टाकली. संध्याकाळी भिंगारमधल्या निम्म्या बायका तिच्यावर बसून गेल्या.

तर ठरलं! डिसेंबरात पुण्याच्या एका मोटर क्लबची रॅली आहे. पुणे, नगर, नेवासा फाटा, औरंगाबाद आणि परत. जुनी गाडी चालते, पण ती त्या रस्त्यांना पुरून उरली पाहिजे. म्हणून अंगणात हा कारखाना. नृसिंह चालवणार, मी शेजारी बसून नकाशा आणि घड्याळ बघणार. हे कधी ठरलं? मला कुणी विचारलं नाही. "तू गणिताची बाई, हिशेब तुझ्याकडे!" झालं.

मला चालवायची आहे. लिहून टाकलं. (तोंडावर 'अहो', पण या वहीत तो नृसिंहच.) बाबा देवळाली प्रवऱ्याला पाटबंधाऱ्यात ओव्हरसियर होते, त्यांनी मला पाटाच्या कडेने जीप शिकवली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्ये जेमतेम चाकांपुरती वाट. लायसन्सही आहे. लग्नापासून ते कपाटात, पैठणीच्या घडीत पडून आहे.

१९ ऑगस्ट

आज कानिफनाथ आला. नेवाशाचा. इंजिनं, चरक, ट्रॅक्टर, जे म्हणाल ते दुरुस्त करतो आणि त्याहून जास्त बोलतो. गाडीच्या पोटाखाली लावायला जाड पत्रा आणलाय. पत्रा कसला, गुऱ्हाळातल्या फुटक्या काहिलीचा तळ!

"वहिनी, रस उकळून उकळून पक्का झालाय ह्यो. खालून धोंडा लागू द्या न्हाईतर डोंगूर. धोंडाच फुटंल!"

नृसिंह सकाळपासून वजन कमी करायला दारांच्या आतल्या पत्र्याला भोकं पाडतोय, आणि हा खालून मणभर लोखंड चढवतोय. मी तसं म्हटलं तर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठले. पण अंगणभर गुळाचा वास सुटला होता वेल्डिंग करताना. मजा आली!

२७ ऑगस्ट

सुरू झाली!! सायलेन्सर कापलाय. बाजारातली कुत्री पळाली, लष्करातला एक जवान सायकलवरून उतरून बघत राहिला. मामंजी कानांवर हात ठेवून हसत होते. मी पाहिलं, हसत होते!

९ सप्टेंबर, रविवार

पहिली चाचणी. नगर ते नेवासा फाटा. मामंजी गजराचं घड्याळ पिशवीत घालून आधीच एसटीने गेले आणि फाट्यावरच्या चिंचेखाली बसले. ते पंच.

काय सांगू! इमामपूरच्या घाटात तर मी ओरडलेच. नृसिंहाने एकही एसटी, एकही ट्रक पुढे राहू दिला नाही. बैलगाडीवाले हात हलवत होते. कानिफनाथने जीपची मोठी चाकं बसवलीत, त्यामुळे खड्डे नुसते पळत होते खालून. ठरवल्यापेक्षा कितीतरी आधी पोचलो. मामंजींनी चिंचेखालून उठून टाळ्या वाजवल्या. तिथेच भेळ खाल्ली. नृसिंह इतका सुंदर दिसत होता, धुळीने माखलेला, की त्याला चालवू दे असंच वाटलं क्षणभर. क्षणभरच.

१४ सप्टेंबर

क्लबचे नियम आले टपालाने. मी मोठ्याने वाचले आणि घराला सुतकच लागलं.

वेगाला बक्षीस नाही! सरासरी वेग ते ठरवून देणार, आणि प्रत्येक नाक्यावर नेमक्या वेळेला पोचायचं. उशीर झाला तर दंड. आणि लवकर पोचलं तर दुप्पट दंड!

आता या घराला हे कसं पचावं? इथे लवकर पोचणं हाच धर्म. एसटी दहाची असली की मामंजी आठला स्टँडवर. आमच्या लग्नाला ही मंडळी आदल्या दिवशी सकाळीच येऊन बसली, बाबांचा मांडवसुद्धा उभा नव्हता! मी ऐन वेळेला निघते म्हणून सासूबाई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. नृसिंहाच्या रक्तातच ते आहे. पुढे वाहन दिसलं की त्याला वाटतं आपल्याला उशीर होतोय.

"लवकर येणाऱ्याला दंड?" मामंजी म्हणाले. "हा कुठला न्याय?" डेपोत हेडक्लार्क होते, शिपायाच्या आधी जाऊन कुलूप उघडायचे. त्यांना खरंच वाईट वाटलंय.

१६ सप्टेंबर, रविवार

दुसरी चाचणी. फार मोठं भांडण.

मी सांगतेय "हळू", तो म्हणतोय "हळूच आहे". मी म्हणते "एसटी जाऊ द्या पुढे", त्याचा पाय ऐकत नाही. पुन्हा आधी पोचलो. चिंचेखाली मामंजींनी चेहरा पाडून बोट वर केलं — दंड. नृसिंह म्हणाला मीटर चुकीचा आहे. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

"मग तूच चालव!" आणि किल्ली बॉनेटवर फेकली.

रागाने म्हणाला तो. पण म्हणाला ना! मी पदर खोचला आणि बसले. मामंजी मागच्या सीटच्या जागी पोत्यावर. नृसिंह शेजारी, खिडकीबाहेर तोंड करून. मीटरकडे बघितलंच नाही मी, रस्त्याकडेचे अंतराचे दगड आणि घड्याळ, बस्स. एक ट्रक घाटभर पुढे होता, राहू दिला. पाटाच्या कडेने जाताना कुठे कुणाला ओलांडता येतं? इतका आनंद! छातीत मावत नव्हता.

नगरच्या वेशीवर मामंजींनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. काटा जिथे हवा तिथेच.

१७ सप्टेंबर

अबोला.

१८ सप्टेंबर

अबोला. आमटीला मीठ नव्हतं, तेही बोलला नाही.

२३ सप्टेंबर

मीटर खरंच चुकीचा आहे! काल रात्रभर डोक्यात घोळत होतं. दगड एक सांगत होते, मीटर एक. चाकं मोठी बसवली की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, आणि मीटर बापडा जुन्या चाकांचंच मोजत बसतो. म्हणजे नृसिंहाला वाटायचं त्याहून तो जोरातच जात होता. आज सकाळी सांगितलं त्याला. चूक कबूल केली. म्हटलं, अंगण वाकडं होतं, थोडंसं.

हसला! आठवड्याने हसला. मग दिवसभर दोघं कागद घेऊन बसलो, मीटरमागे किती टक्के वाढवायचे त्याचा तक्ता केला. कानिफनाथला विचारलं तर म्हणाला, "चाकाचा काय दोष न्हाई. मीटरच लहान हाय." धन्य!

पण चालवणार कोण, यावर एक अक्षर नाही. मी विचारणार नाही. हट्टात मीही काही कमी नाही.

६ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. सासूबाईंनी काहिलीच्या पत्र्यालासुद्धा हळदकुंकू लावलं, वाकून, पोटाखाली जाऊन! मामंजींनी पिवळं फडकं काढलं आणि भोकं पाडलेली ती दारं आतूनबाहेरून पुसली. "बसवू नका आता परत सीट," म्हणाले. "अशीच बरी दिसते."

८ ऑक्टोबर

नृसिंह नाव द्यायला पुण्याला जाऊन आला. दोघांचीही लायसन्सं लागतात, म्हणून माझंही नेलं होतं. "दिलं नाव," एवढंच बोलला आणि जेवायला बसला. त्याचंच दिलं असणार, मग सांगायचं काय? मी दोन भाकऱ्या जास्त थापल्या, हाताला काम हवं होतं. मला खूप वाईट वाटलं. गाडी मलाही कळते हो!

२१ ऑक्टोबर

आज पुन्हा मला चालवायला दिली, औरंगाबादच्या रस्त्याला. "दोघांनाही सवय हवी," म्हणाला. स्वतः तक्ता घेऊन शेजारी. चांगला वाचतो. मी मनात म्हटलं, सराव तर सराव, मिळतंय ते घे. पाटाकडेची वाट असो की डांबर, हात स्टिअरिंगवर असला की मला दुसरं काही सुचत नाही. लग्नाच्या तीन वर्षांत इतकी खूश नव्हते.

४ नोव्हेंबर, रविवार

पेट्रोल भडकलं. तिकडे अरबस्तानात लढाई आणि इथे भिंगारच्या पंपावर रांग. कानिफनाथ म्हणाला, "रॉकेलवर चालिवतो मी, काळजी करू नगा!" मामंजींनी हात जोडले. नृसिंह रात्री दोनदा उठून अंगणात गेला.

रद्द होऊ नये. शेजारी बसेन, तक्ता वाचेन, काय म्हणाल ते करीन. पण रद्द होऊ नये!

११ नोव्हेंबर

पुण्याहून ट्रंक कॉल, शेजारी डॉक्टरांकडे. नृसिंह धावला, मागून मी, कणकेचे हात घेऊन. त्याने थोडं ऐकलं आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "त्यांना ड्रायव्हरशीच बोलायचंय," म्हणाला, भिंतीकडे बघत.

पलीकडचे गृहस्थ सांगत होते, चालक म्हणून तुमचं नाव आहे, म्हणून तुम्हालाच कळवतो, पेट्रोलमुळे यंदाची रॅली रद्द, दिलगीर आहोत. "ऐकू येतंय ना, बाई?" येत होतं. मी हो हो म्हणत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.