झाकणावरचं कुंकू

आई,

आज कारखान्यात एक गंमत झाली आणि सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचेना. सांगता आली असती इथं चार जणांना, पण त्यांना आधी चेन्नई समजावून सांगा, मग आयुधपूजा, मग तू. एवढा घोळ घालण्यापेक्षा तुलाच लिहिलेलं बरं. तुला फक्त जर्मनी समजावून सांगावी लागेल, आणि ती इतकी वर्षं राहून मलाही अजून पुरती कळलेली नाही.

चेन्नईच्या टी. नगरमधलं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं येतंय. बाबा गेल्यावर मिरजेचं घर बंद करून तुला मी चेन्नईला आणलं, तेव्हा सुरुवातीला तू तोंड पाडूनच होतीस. कोथिंबीर घ्यायची तरी बोटानं दाखवायचीस आणि परत येऊन मलाच म्हणायचीस, कुठं आणून टाकलंस गं मला. मग खालच्या घरमालकीण मामींशी तुझं जमलं. त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं, महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिलेला नाही, पण मराठी बोलायच्या, तेही तमिळच्या चालीवर. तू तोंडावर पदर धरून हसायचीस आणि वर त्यांनाच विचारायचीस, मामी, हे मराठी कुठल्या जन्मीचं? वर्षभरात त्यांच्याकडून तू दारात कोलमची रांगोळी काढायला शिकलीस, भाजीवालीशी तमिळमधून घासाघीस करायला लागलीस, आणि मी काही सांगायला गेले की 'सेरि, सेरि' म्हणून मला वाटेला लावायचीस. बरं, बरं. मिरजेच्या बाईच्या तोंडी ते ऐकून मला हसू यायचं.

त्याच वर्षी आमच्या कंपनीनं जर्मनीत एक जुना कारखाना विकत घेतला. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी जी उत्पादनाची लाइन सांभाळत होते, तशीच तिकडं बसवायची होती आणि साहेबांनी माझं नाव पुढं केलं. दोन-तीन वर्षांचं काम, पुढंही राहावं लागेल कदाचित, असं ते म्हणाले. मला जायचं होतं आई, फार जायचं होतं. पण तुला मिरजेतून उपटून मीच आणलेलं, आता तुला इथं एकटी टाकून कुठल्या तोंडानं निघू? म्हणून घरी काही बोललेच नाही. रोज बसमध्ये बसल्यावर ठरवायची, आज आईला सांगायचं, आणि घरी आल्यावर भाजी काय केलीस एवढंच विचारायची.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी कारखान्यात घरच्या माणसांना नेता येतं, तशी मी तुला कंपनीच्या बसनं घेऊन गेले. तू ठेवणीतली जांभळी साडी नेसली होतीस. फाटकाला केळीचे खांब बांधलेत, कोहळा फोडलाय, मशिनं धुऊनपुसून त्यांना हार घातलेत, आणि तू एकेका मशिनपाशी थांबून हात जोडतेस. म्हणालीस, आपली खंडेनवमीच की ही. बाबा त्यांचे गॅरेजमधले पाने आणि पकडी पाटावर मांडायचे ते आपल्या दोघींनाही आठवलं असणार.

तपासणीच्या खोलीत आलो. तिथं आमची मास्टर रिंग असते, पोलादाचं एक झळझळीत कडं. बाकीची सगळी मापं त्याच्यावर लावून घ्यायची, म्हणून त्याला उघड्या हातानं कुणी शिवत नाही. घामानंसुद्धा गंज धरतो. मखमल लावलेल्या लाकडी पेटीत ते ठेवलेलं होतं, पूजेपुरती पेटी उघडलेली होती. आमचे सुपरवायझर, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते ताट फिरवत होते. तुला बरं वाटावं म्हणून मोडक्या हिंदीत म्हणाले, "अम्मा, ये मॅडम के साथ जर्मनी जाएगा."

तू माझ्याकडे वळलीस. "कोण जाणार?"

"अजून काही ठरलं नाही," मी पुटपुटले.

बाबा गेल्यापासून हळदी-कुंकवाच्या ताटाला तू बोट लावलं नव्हतंस. सवाष्णींची बोलावणी आली की मलाच पाठवायचीस. त्या दिवशी मात्र कुणाकडे न बघता तू ताटातल्या कुंकवात बोट बुडवलंस आणि सरळ त्या कड्याकडे निघालीस. मी ओरडले, "आई, हात लावू नकोस!" माझ्या हाताखालची माणसं, त्यांच्या बायका, सगळे बघताहेत, आणि तू लाल बोट हवेत धरून उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू अगदी शांतपणे विचारलंस, "मग कुठं लावू?" अण्णांनी पेटीचं झाकण हळूच मिटलं. तू त्याच्यावर आधी हळद लावलीस, मग कुंकू, आणि म्हणालीस, "सेरि."

घरी आल्यावर तू फोडणी करत होतीस, मी दारात उभी. वाटलं, आता ओरडण्यावरून ऐकावं लागणार. तू पाठमोरीच बोललीस. "ओरडलीस त्याचं काही नाही. बाबांच्या पान्यांना हात लावला की तेही असेच अंगावर यायचे. पण एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवलीस ती कुणासाठी?"

"तू एकटी कशी राहशील?"

"खाली मामी आहेत. कोपऱ्यावर भाजीवाली आहे. मी दोन दिवस दिसले नाही तर ती घरी येईल बघायला. आणि हे बघ, माझं निमित्त करून घरात बसायचं नाही. उद्या मिरजेत म्हणतील, आईपायी पोरगी राहिली. ते ओझं मी घेणार नाही. कुंकू लावून झालंय माझं. तुझं ठरलं नसेल, माझं ठरलंय."

मग ताट वाढलंस आणि वाढताना डोळे पुसलेस, फोडणीचा धूर झाला म्हणालीस.

पेटी माझ्याबरोबर आली. इथं पहिला तुकडा मापात उतरला त्या दिवशी तुला फोन केला, तर माझं राहू दे, तू आधी विचारलंस, पेटी नीट पोचली का? मामींना तू सांगत फिरायचीस म्हणे, आमची मुलगी जर्मन लोकांना माप शिकवते. तसं काही नव्हतं गं. निम्मं तर मीच त्यांच्याकडून शिकले. पण एक सांगते. इथं पहिल्या थंडीत, भाषा येत नसताना, दुकानात बोट दाखवून भाजी घेताना मला कधी लाज वाटली नाही. परक्या मुलखात असं बोट दाखवत माझ्याआधी तू उभी राहिली होतीस, साठीला आलेली असताना, आणि तिथं तू दिमाखात राहिलीस. शेवटपर्यंत मिरजेला परत गेली नाहीस. मला तुझा फार अभिमान वाटतो, तू होतीस तोवर हे तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

तर आजची गंमत. जुनं कडं आता झिजलं, त्याच्या जागी नवं आलं, नवी कोरी पेटी. मापांच्या खोलीत एक गृहस्थ आहेत, वयानं माझ्याहून मोठे, दिवसभरात दहा शब्द बोलले तर खूप. झाकणावरच्या लाल-पिवळ्या ठिपक्यांबद्दल त्यांनी कधीकाळी विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, ती माझ्या आईनं केलेली खूण आहे. एवढंच. आज ते नवी पेटी घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "हिच्यावर खूण राहिलीय. मी अजून वापरात घेतलेली नाही." मी पर्समधली कुंकवाची डबी काढली. तुझ्यासारखंच बोट बुडवलं आणि झाकणावर टेकवलं. लावून झाल्यावर ते म्हणाले, "आता चालेल," आणि पेटी घेऊन गेले.

हा कागद जुन्या पेटीत ठेवावा असं मनात होतं. पण मापाच्या पेटीत कागद ठेवायचा नसतो, दमट हवा धरतो. म्हणून इथंच, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये राहील. आणि एक सांगायचं राहिलं. दर खंडेनवमीला मी सगळ्यांच्या आधी जाते, फिकं झालेलं झाकण पुन्हा रंगवते आणि लोकांना सांगते की हे आईनं लावलंय. खरं तर तुझं कुंकू त्याच्यावर केव्हाच उरलेलं नाही. सगळं माझंच आहे.