कंसातल्या ओळी

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू कपाळाला हात लावला असशील, की झालं, बाईसाहेब चर्चच्या पाळक व्हायला निघाल्यात, आता आपल्याला उपदेश ऐकावा लागणार. घाबरू नकोस. उपदेशात मला वर्गातसुद्धा जेमतेम मार्क पडलेत. तोंडी परीक्षा मात्र झाली आणि पासही झाले. समोर तिघं परीक्षक बसले होते, मधल्याला एकसारखी जांभई येत होती, आणि मी घामाने निथळत बोलत होते. बाहेर आले आणि जिन्यावरच बसकण मारली. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. वहिनीला फोनवर सांगितलंच आहे, पण तुला नीट, सावकाश सांगायचं होतं.

मी शाळेतली नोकरी सोडून या वयात बायबलचा अभ्यास करायला निघाले, तेव्हा बाबा काय म्हणाले होते आठवतं? घड्याळ उघडून बघितलं की ते बंद पडतं. आयुष्यभर मंडळीसमोर बायबल वाचलेला माणूस आपल्या मुलीने ते अभ्यासायला घेतल्यावर इतका धास्तावेल, असं मला वाटलं नव्हतं. आणि खरं सांगते, पहिलं वर्ष त्यांचीच बाजू खरी ठरतेय असं वाटायचं. हा भाग कुणी लिहिला, तो कधी जोडला, हे लोक तेव्हा कुठल्या संकटात होते, हेच दिवसभर. खोलीवर येऊन प्रार्थनेला बसले की डोक्यात तळटीपा सुरू व्हायच्या. घरी फोन केला की मी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. बाबांना कळलं तर ते खचतील आणि तुला कळलं तर तू हसशील, या भीतीने मी कुणाला काही बोलले नाही.

त्यातून मला बाहेर काढलं आमच्या कात्रीबाईंनी. आम्हाला बायबलमधली स्तोत्रं शिकवायच्या त्या. निबंधातलं निम्मं काटून परत देतात म्हणून हे नाव, आणि ते त्यांना माहीत आहे. एकदा त्यांनी तक्रारीची प्रार्थना लिहायला सांगितली. जुन्या लोकांनी केली तशी, देवाला सरळ जाब विचारणारी. आम्ही सगळे चर्चमध्ये वाढलेले, त्यामुळे सगळ्यांनी एकच घोडचूक केली. पानभर रडगाणं गायलं आणि शेवटी न चुकता लिहिलं, तरीही तुझी स्तुती असो. बाईंनी प्रत्येकाचं शेवटचं वाक्य काटलं आणि विचारलं, “हे कुणाला घाबरून लिहिलंत?” मग म्हणाल्या, देवाची वकिली करू नका, त्याने तुम्हाला वकीलपत्र दिलेलं नाही. वर्गात हशा पिकला, पण मला हसू आलं नाही. मला आपली चिमी आठवली, आणि तिच्या कबरीपाशी उभा असलेला तू.

त्या दिवसाचा विषय आपण दोघांनी आजवर काढला नाही. आज काढते, रागावू नकोस. तुझ्या लेकीची एवढीशी पेटी खाली सोडत होते, आणि बाबा, तिचे आजोबा, पाळकाच्या झग्यात, देवाने दिले ते देवाने नेले अशा अर्थाचं काहीतरी म्हणत होते. तू वर बघून ओरडलास, “कुठे होतास तू? ती हाका मारत होती तेव्हा कुठे होतास?” पुढे अजून बोलणार होतास. बाबांनी हात वर केला, तुझ्या आवाजावर आवाज चढवून आशीर्वाद म्हणून टाकला आणि विधी संपवला. तू फाटकातून जो बाहेर पडलास, तो पुन्हा चर्चची पायरी चढला नाहीस आणि बाबांशीही धड बोलला नाहीस. मंडळीत म्हणायचे, मुलाचा विश्वास गेला. आपल्या घरातही तेच ठरून गेलं. आई जाईपर्यंत तुझ्या नावाने प्रार्थना करायची, हरवलेल्या माणसासाठी करतात तशी.

कात्रीबाईंना मी दुसऱ्यांदा लिहून दिलं ते तुझं ओरडणं, शब्द न बदलता. त्यांनी त्यातलं एक अक्षर काटलं नाही. मग आम्ही स्तोत्रं उघडली, आणि दादा, मी थक्क झाले. एवढी वर्षं आपण त्यांना स्तुतीची गाणी म्हणत आलो, आणि त्यातली कितीतरी चक्क भांडणं आहेत. झोपलास का, तोंड का फिरवलंस, अजून किती वाट बघायची. एक तर असं आहे की ते शेवटपर्यंत सावरतच नाही, अंधारातच संपतं. ज्यांनी हे जपलं, एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हातात दिलं, त्यांना त्या ओळी गाळता आल्या नसत्या का? त्यांनी गाळल्या नाहीत. त्यांच्या लेखी देवाशी भांडणारा माणूस देवळातच उभा होता. हे कळलं त्या दिवशी माझ्या तळटीपा गप्प बसल्या. जिथे खोटं बोलावं लागत नाही, तिथे मला राहता येईल असं वाटलं.

आता घरची बातमी. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. फक्त काही दिवस वाचायला बंदी होती, म्हणून सुट्टीत मी रोज दुपारी त्यांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून वाचून दाखवायचे. त्यांचंच ते जाडजूड बायबल, ज्यात त्यांनी पेन्सिलीने कंस घातलेत. कंस आला की थांबायचं, हा आपल्या घरचा कायदा. लोकांना जड जाईल ते चर्चमध्ये वाचायचं नाही. तू मात्र उपदेश चालू असताना मान खाली घालून स्वतःच्या बायबलात नेमकं कंसातलंच वाचायचास, आणि आईला वाटायचं पोरगं किती भक्तिभावाने बसलंय! तर त्या दुपारी ते अंधारातलं स्तोत्र आलं. आता वर्गात कुठेही न थांबता वाचायची सवय लागलेली, मी कंस ओलांडून थेट शेवटपर्यंत वाचत गेले. वाचून झाल्यावर लक्षात आलं आणि जीभ चावली.

मला वाटलं, आता बाबांचं ऐकून घ्यावं लागणार. डोळ्यावर पट्टी, त्यामुळे चेहराही कळेना. मग त्यांनी विचारलं, वर्गात याला काय म्हणतात. मी म्हटलं, प्रार्थना म्हणतात, बाबा. आणि कात्रीबाईंचं सगळं सांगितलं, मी काय लिहून दिलं तेही. ऐकता ऐकता त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “त्या दिवशी तिथे खरी प्रार्थना एकट्या त्यानेच केली. आणि मी ती मध्येच तोडली.” ते त्याच दिवसापासून त्यांना ठाऊक होतं, दादा. तुझ्यावर राग नव्हताच. ओरडायचं त्यांनाही होतं, पण अंगात झगा होता. तू पुढचं वाक्य बोलला असतास तर ते तिथेच कोसळले असते, म्हणून त्यांनी हात वर केला. हे सांगताना ते रडले, आणि डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, तेव्हा माझी कोण धांदल! पण नंतर ते जे गाढ झोपले, तसं मी त्यांना आईच्या माघारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. मीही बाहेर ओट्यावर बसून मनसोक्त रडून घेतलं. इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

आता मुद्द्याचं. बाबा निवृत्त होताहेत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांची शेवटची उपासना. त्यांनी तेच स्तोत्र निवडलंय, आणि पट्टी निघाल्यावर सगळ्यात आधी काय केलं असेल, तर खोडरबर मागून त्या पानावरचा कंस खोडला. त्या दिवशी आशीर्वाद ते म्हणणार नाहीत, मी म्हणणार आहे. स्तोत्र कुणी वाचायचं ते अजून ठरलेलं नाही. तुला लिहायला त्यांनी तीनदा पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं, म्हणून मी लिहितेय. तुझा विश्वास आहे की नाही, हे तुला कुणी विचारणार नाही. स्तोत्र वाच, नाहीतर चिमीसाठी जे बोलायचं राहिलं ते बोल, नाहीतर वहिनीला घेऊन दाराजवळच्या बाकावर नुसता बस. बाबांनी एवढाच निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते: “त्याला म्हणावं, ये आणि वाक्य पुरं कर. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.”

तुझीच,
लहानपणी जिला तू वैतागून प्रश्नपत्रिका म्हणायचास, ती